पाण्याची भिंत

"दिवा जरा खाली धर," मी इपीला म्हटलं. "अजून खाली. पाण्यापाशी."

इपीनं दिवा गुडघ्याइतका खाली आणला आणि मला ती चूक दिसली.

भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, गेरूच्या लाल रेघांनी एक चौकोनी कुंड रेखाटलेलं होतं. कुंडात नागमोडी लाटा होत्या आणि लाटांवर माणसं तरंगत होती. कुणी पालथं, कुणी उताणं, कुणी कुशीवर. त्यांतल्या एका आकृतीचं डावं पाऊल घोट्यापासून आत वळलेलं होतं. इतकं, की बोटं दुसऱ्या पायाच्या घोट्याला टेकली होती.

"झालं," मी म्हणालो. "बाबा पुन्हा चुकले."

इपी वाकून बघायला लागला. तो दगडात कोरणारा, माझ्याच वयाचा, आणि त्याला गंभीर होणं म्हणून ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी तोही म्हणाला, "पेनदुआ, उद्या नख्तमिन पाहणीला येतोय. हे त्याच्या डोळ्याला पडलं तर म्हाताऱ्याचं काही खरं नाही."

ते मलाही कळत होतं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. नाईलच्या पश्चिमेला उघडे डोंगर आहेत, त्यांच्या पोटात आम्ही राजांची थडगी खोदत असू. थडगं हा शब्द मात्र आमच्यात कुणी उच्चारत नसे, 'मोठी जागा' म्हणायचो. आमची वस्तीही त्याच डोंगरात, एका घळीत. पाण्याचा थेंब नाही, गाढवांवरून पाणी यायचं. आठ दिवस कामावर जायचं, खिंडीतल्या दगडी झोपड्यांत राहायचं, आणि दोन दिवस घरी. बापाचं काम मुलगा करी आणि काम होतं तोवर घर होतं. काम गेलं की घर सोडायचं.

भिंतीचं काम असं चाले. दगड फोडून झाला की गिलावा करायचा. गेरूत बुडवलेली दोरी ताणून सोडायची, की भिंतीवर चौकटी उमटत. त्या चौकटींच्या आधारानं चित्रकार लाल रेघांनी आकृत्या काढी. मग दुसरा माणूस काजळाची शाई घेऊन येई आणि लाल रेघ जिथं चुकली असेल तिथं काळ्या रेघेनं सुधारी. शेवटी इपीसारखे लोक काळ्या रेघेवरून कोरत जात. एकदा कोरलं की ते कायमचं.

काळी रेघ माझी होती. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून मी पोट भरत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची. अर्ध्या बोटानं खांदा वर गेला असेल तरी मला लांबून दिसे. वस्तीत बायका नवी भिंत सारवत असल्या तरी मी जाता जाता सांगायचो, कड तिरकी आली म्हणून. लोक मला टाळायला लागले होते.

लाल रेघ होती खाएमोपेंची. हात धरून रेघ शिकवणाऱ्याला बाप म्हणायची आमच्याकडे रीत आहे, म्हणून मी त्यांना बाबा म्हणे. रेघ ओढताना श्वास धरून ठेवायचा, सोडला की हात हलतो, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. त्यानंतर सतरा वर्षांत त्यांनी माझं एकदाही कौतुक केलं नाही. चांगलं काम झालं तर ते नुसते पुढच्या भिंतीकडे वळत.

त्यांची एकुलती एक मुलगी तामित. आम्ही दोघं दोन महिन्यांत घर मांडणार होतो. माझ्या खोडीवर तिची फार गंमत चाले. "सगळ्या जगाच्या चुका काढतोस," ती म्हणायची, "माझ्यातली एक काढून दाखव बघू." मी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत असे आणि मला खरोखरच काही सापडत नसे. ती म्हणायची, "मग तुझ्या डोळ्यांतच काहीतरी बिघाड आहे."

त्या वर्षी पुराच्या दिवसांत ती पलीकडच्या तीरावर सणाला गेली. परत येताना नाव उलटली. अकरा माणसं होती. दहांचे देह पाच-सहा दिवसांत खालच्या गावांच्या काठाला लागले. तामित सापडली नाही. मी आणि बाबा बारा दिवस काठाकाठानं हिंडलो, प्रत्येक लव्हाळ्याचं बेट काठीनं चाचपून बघितलं. तेराव्या दिवशी बाबा म्हणाले, "चल, घरी जाऊ."

आमच्या लोकांत देह राहिला तर माणूस राहतो. मीठ लावून, तेल लावून, कापडात गुंडाळून तो जपायचा, म्हणजे जिवाला परतायला जागा असते. ज्याचा देहच नाही, त्यानं परतायचं कुठं? हुनेरोआई, म्हणजे तामितची आई, हेच विचारत बसायची. रडत नसे, नुसतं विचारायची.

त्यानंतर बाबांचा हात बिघडला. राजाच्या एका मोठ्या आकृतीचा दंड त्यांनी अर्ध्या चौकटीनं जाड काढला. मग एका देवीच्या मुकुटाचं टोक छताच्या पट्टीत घुसलं. मी शक्य तेवढं काळ्या रेघेत लपवलं, पण मुकुट नख्तमिनला दिसला. नख्तमिन आमचा लेखनिक. कोण कामावर आला, कोण नाही, कोण काय करतो, सगळं त्याच्या हातात. तो दुष्ट नव्हता. पण वरून वजिराची माणसं त्याच्या मानेवर बसलेली होती. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून एक चूक दिसली की खाएमोपेला मी दगडाचा चुरा वाहायला लावीन. त्या वयात तो महिनाभरसुद्धा टिकणार नाही, ठाऊक आहे मला. पण चित्रकाराचं घर चित्रकारालाच मिळतं. माझा इलाज नाही."

हे मी बाबांना सांगितलं नाही. मीच डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागे मागे राहायचं ठरवलं.

आणि म्हणूनच पाण्याच्या भिंतीचं मला नवल वाटलं होतं. ते काम त्यांनी चार दिवस एकट्यानं केलं. मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड, जिथं पाठ वाकवून बसावं लागे. त्या ठिकाणी कुठलं चित्र येणार ते परंपरेनं ठरलेलंच असतं. बुडालेले लोक असतात, काठावर ससाण्याच्या तोंडाचा देव काठीला टेकून उभा असतो, आणि तो त्यांना सांगत असतो की तुम्हाला थडगं मिळालं नसलं तरी तुमचं अंग सडणार नाही, तुम्ही काठाला लागाल. मला वाटलं, बाबांना ते चित्र काढणं जड जात असेल, म्हणून एकटं राहायचं असेल. काम संपलं तेव्हा ते मला म्हणाले, "या भिंतीला तू हात लावू नकोस. काळी रेघही मीच ओढीन."

"का बाबा?"

"सांगितलं ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे झोपडीत त्यांना विंचू चावला. पाय मांडीपर्यंत सुजला. दोघांनी त्यांना पाठुंगळी घेऊन खाली वस्तीत नेलं. आणि त्याच सकाळी निरोप आला, की पाहणी पुढच्या आठवड्यात नसून उद्याच आहे.

तर मी आणि इपी त्या कोपऱ्यात उकिडवे बसलो होतो आणि समोर ते वाकडं पाऊल होतं.

आमच्या चित्रांत पाऊल काढायची एकच पद्धत आहे. अंगठा आपल्या बाजूला, टाच मागे, तळव्याला जराशी कमान. राजाचं असो, नोकराचं असो, सगळ्यांची पावलं तशीच. शिकायला बसलेला पोरगासुद्धा ते चुकत नाही. बाबांचा हात इतका गेलाय, हे बघून मला भरून आलं.

"हात लावू नकोस म्हणालेत ना ते?" इपीनं विचारलं.

"म्हणूनच म्हणाले असतील. आपलं काय झालंय ते त्यांना कळत असणार. माझ्यापासून लपवायचं होतं."

"मग काय करतोस?"

मी बोरूची कुंचली शाईत बुडवली. श्वास धरला. घोट्यापासून टाचेपर्यंत, टाचेपासून कमानीवरून अंगठ्यापर्यंत, एका दमात रेघ ओढली. हात कुठं हलला नाही. आजवर मी हजारो रेघा ओढल्या असतील, पण तितकी सुरेख रेघ त्याआधी आली नव्हती आणि त्यानंतरही आली नाही. पाऊल सरळ झालं. बाकीच्या आकृत्या ठीक होत्या, त्यांवरून नुसती कुंचली फिरवली.

"इथूनच कोरायला घे," मी इपीला म्हटलं. "उद्यापर्यंत लाल रेघ दिसता कामा नये."

"बाबांना सांगशील ना?"

"सांगेन. घर वाचलं म्हणजे रागावणार नाहीत."

संध्याकाळपर्यंत इपीच्या छिन्नीनं तो सगळा तुकडा उठावात आणला. वळलेलं लाल पाऊल चुरा होऊन खाली पडलं, आणि तो चुरा टोपलीतून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी नख्तमिन आला, बरोबर वजिराचा एक माणूस होता. दोघांनी राजाच्या आकृत्या पाहिल्या, छत पाहिलं, वर बोट दाखवून काहीतरी बोलले. पाण्याच्या भिंतीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिथवर वाकायची तसदी कुणी घेतली नाही. जाताना नख्तमिन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खाएमोपेचा हात सुधारला म्हणायचा."

माझा जीव भांड्यात पडला. सुट्टीचा दिवस येताच मी डोंगरावरच्या वाटेनं जवळजवळ पळत खाली गेलो.

हुनेरोआई अंगणात जव दळत होती. बाबा आतल्या खोलीत झोपले होते, सूज उतरत होती. तिनं मला बसायला सांगितलं, जवाच्या दारूचं मडकं पुढं केलं.

"पाहणी झाली म्हणे?"

"झाली. काही त्रास नाही. नख्तमिन खूश होता."

"खाली पाहिलं का त्यानं? कोपऱ्यात?"

"कुठल्या कोपऱ्यात?"

"पाण्याच्या."

"नाही. तिकडे कुणी फिरकलं नाही."

तिनं दळणं थांबवलं. दोन्ही हात पिठासकट मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून बसली. मग आतल्या खोलीकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "तुला सांगायचं नाही म्हणाले होते. तुझ्यावर बालंट येऊ नये म्हणून. पण तू काय परका आहेस? तिला ठेवलीय त्यांनी तिथं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणून काय विचारतोस? तामितला. बुडालेल्यांत ठेवलीय. देह नसला तर आकृती चालते ना रे? पण आकृती त्याच माणसाची पाहिजे. मी म्हटलं, चेहरा काढा तिचा. म्हणाले, पाण्यातले सगळे चेहरे सारखेच काढावे लागतात. म्हटलं, नाव लिहा. म्हणाले, राजाच्या मोठ्या जागेत दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं तर हात तोडतील. मग दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पाऊल काढतो."

मी मडकं खाली ठेवलं.

"तिचं डावं पाऊल," हुनेरोआई सांगत राहिली. "जन्मली तेव्हाच आत वळलेलं होतं. तीन वर्षं मी या मांडीवर घेऊन तेल चोळलं, फळ्या बांधल्या. ती रडायची, मी रडायची. नाही झालं सरळ. आता वाटतं, बरं झालं. त्या पावलावरून जीव येईल तिचा. ही मीच, म्हणून ओळखेल." मग तिनं मला विचारलं, "तू पाहिलंस ना? नीट आलंय ना पाऊल? हात थरथरतो त्यांचा हल्ली."

कुणी विचारील, ती मुलगी तुझ्याशी घर मांडणार होती, आणि तुला तिचं पाऊल ओळखू आलं नाही? चाळीस वर्षं मीही हेच विचारतोय. ती चालताना डाव्या बाजूला किंचित झुकायची. घागर घेतली की जास्त. लहानपणी पोरं तिला चिडवायची, त्यांच्याशी मी मारामाऱ्याही केल्या होत्या. मग कधीतरी ते पाऊल मला दिसेनासं झालं. ती चालत यायची ती नुसती तामित यायची. भिंतीवर ते पाऊल पाहिलं तेव्हा मला ती आठवली नाही, कारण माझ्या लेखी तिच्यात चूक नव्हतीच, आणि भिंतीवर होती ती चूक होती. बापाला लेकीचं पाऊल जसंच्या तसं आठवत होतं. मी प्रेम करतो म्हणवणारा, मीच ते पुसलं.

"पेनदुआ?" हुनेरोआई म्हणाली. "नीट आलंय ना?"

"हो," मी म्हणालो. "अगदी तिचंच आहे."

तिनं पिठाचे हात माझ्या तोंडावरून फिरवले. मी तिथून कसा उठलो ते आठवत नाही. वस्तीच्या बाहेर, गाढवांच्या गोठ्यामागे जाऊन मी ओकलो.

पाच दिवसांनी बाबा कामावर आले. अजून लंगडत होते. वाटेत मी तीनदा सांगायला तोंड उघडलं. खाली दालनात पोचल्यावर त्यांनी माझ्या हातातला दिवाही घेतला नाही, तसेच खांबाच्या आड गेले आणि गुडघ्यांवर बसले. अंधारात त्यांनी भिंतीवर हात ठेवला. बोटं डोक्यावरून खांद्यावर गेली, कमरेवरून मांडीवर, मांडीवरून घोट्याशी आली. तिथं थांबली. पुन्हा मांडीशी गेली आणि पुन्हा घोट्याशी आली, जणू वाट चुकली असावी.

"मी केलं, बाबा," मी म्हणालो. "नख्तमिन येणार होता. अजून एक चूक दिसली तर घर जाईल म्हणाला होता. मला माहीत नव्हतं."

पलीकडच्या दालनात इपीची छिन्नी वाजत होती.

"श्वास धरून ओढलीस ना रेघ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कळतंय. कुठं थरथर नाही." त्यांचा अंगठा त्या सरळ कडेवरून फिरत होता. "चांगली आहे रेघ."

सतरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. त्यापेक्षा त्यांनी माझ्या तोंडात मारली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

"दुरुस्त करतो," मी म्हणालो. "इपी कुणाला सांगणार नाही. तेवढा भाग खणून काढू, गिलावा भरू, आणि पुन्हा कोरू, तुम्ही काढलं होतं तसं."

"भरलेला गिलावा पडतो."

"शंभर वर्षं पडणार नाही, बाबा. पक्का भरतो."

"आणि मग?" ते म्हणाले. "तिला किती वर्षं राहायचंय तिथं?"

मी हातातला दिवा खाली ठेवला.

"गिलावा पडला तर पायच राहणार नाही तिला," ते म्हणाले. "परका का असेना, पाय असू दे." भिंतीला धरून ते उठले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. "हुनेरोला सांगायचं नाही. ती रोज झोपायच्या आधी विचारते मला, कशी आहे म्हणून. मी सांगतो, बरी आहे. एवढं राहू दे."

त्या दिवशी त्यांनी पुढच्या भिंतीवर काम केलं, आणि त्यांच्या रेघेत एकही चूक नव्हती. त्यानंतरही कधी नव्हती. मला ते बघवत नसे.

तीन वर्षांनी राजा गेला. त्याला आत ठेवलं, दार बंद केलं, चुना-मातीनं लिंपलं, शिक्के मारले, आणि वाटेवर दगडांचा ढीग लोटला. आम्ही हातानं केलेलं सगळं आमच्यासाठीही बंद झालं. त्याच्या पुढच्या वर्षी बाबा गेले. त्यांचा देह नीट जपला. मी स्वतः त्यांच्या पेटीवर नाव लिहिलं.

मी पुढं लग्न केलं, मुलं झाली. हुनेरोआई आमच्याकडेच राहायला आली. माझ्या मुलांना तिनं मांडीवर खेळवलं, तेल लावलं. प्रत्येकाचं पाऊल ती आधी बघायची. कधी संध्याकाळी मला म्हणायची, "सांग ना कशी आहे ती पाण्यात," आणि मी सांगायचो. कुशीवर आहे, केस मोकळे आहेत, एक हात पुढं आहे. ती म्हणायची, "आणि पाऊल?" मी म्हणायचो, "तसंच." अकरा वर्षं मी हे सांगत होतो. खोटं बोलायची सवय होते, पण मला ती झाली नाही. प्रत्येक वेळी जीभ जड होई.

मग तिला ताप आला. चौथ्या दिवशी दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. शुद्ध अगदी नीट होती. चेहऱ्यावर एक प्रकारची घाई होती, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या असते तशी.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "तिथं गेले की आधी ह्यांच्याकडे जायचंच नाही. पाणी कुठं आहे ते विचारायचं. गर्दी असेल खूप, बुडालेले काय थोडे आहेत? चेहरे बघत बसायचं नाही, ते सारखे असतात. काठाकाठानं जाईन आणि पावलं बघत जाईन."

मी तिचा हात धरून बसलो होतो. इतकी वर्षं माझं खोटं हा तिला नुसता दिलासा होता. आता ती त्याच्या भरवशावर निघाली होती. चुकीचा पत्ता देऊन मी त्या म्हातारीला पाठवत होतो, आणि ती तिथं काठाकाठानं पावलं बघत हिंडत राहिली असती, आम्ही बारा दिवस हिंडलो तशी, फक्त तिचे दिवस संपले नसते.

"आई," मी म्हणालो, "पाऊल सरळ आहे."

"काय?"

"बाबांनी वाकडंच काढलं होतं. मी सरळ केलं. मला ती चूक वाटली. पाहणी होती, तुमचं घर जाईल म्हणून मी काळ्या रेघेनं सरळ केलं, आणि इपीनं ते कोरलं. तेव्हापासून सरळच आहे. मी तुला खोटं सांगत आलो."

तिनं माझ्या हातातून हात काढून घेतला. तोंड भिंतीकडे फिरवलं. माझी बायको पाणी घेऊन आली, ते तिनं घेतलं नाही. मी उठलो नाही. ऊन दारातून आत आलं, चटईपर्यंत सरकलं. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलायची नाही, आणि तसंच जाईल, आणि माझी तीच लायकी आहे.

मग भिंतीकडे तोंड करूनच तिनं विचारलं, "कितवी आहे ती?"

"कितवी म्हणजे?"

"ओळीत. पाऊल गेलं ते गेलं. कितवी ते सांग."

"डावीकडून तिसरी."

"डावीकडून कुणाच्या?" ती वळली. डोळे कोरडे होते. "तू भिंतीसमोर उभा होतास. मी पलीकडून येणार."

मी डोळे मिटून ती भिंत आठवली. काठीला टेकलेला देव, नागमोडी लाटा, आणि एकापुढे एक तरंगणारी ती माणसं.

"पाचजण आहेत, आई," मी म्हणालो. "कुठूनही मोजलं तरी तिसरीच."

तिनं पंजा डोळ्यांसमोर धरला. आधी अंगठ्याकडून बोटं मोजली, मग करंगळीकडून. दोन्ही वेळा मधल्या बोटावर येऊन थांबली. मग ते बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरलं आणि उताणी निजली. "तिसरी," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तिसरी." दिवस मावळायच्या आत ती गेली, तेव्हाही ते बोट मुठीतच होतं. मी सोडवलं नाही.

पाण्यातली माणसं नेमून दिलेल्या जागी राहतात की वाहत पुढं जातात, हे तिनं मला विचारलं नाही. सगळं आयुष्य नदीपाशी काढलेल्या बाईला ते सुचलं नसेल, असं मला वाटत नाही.